अर्ध्या शटरचं वर्ष

१२ जानेवारी २०२१ च्या पहाटे पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटच्या दारातून लशीचे पहिले ट्रक नारळ फोडून निघाले. चारच दिवसांनी देशभर लसीकरण सुरू झालं. महाराष्ट्रात तेव्हा साथ ओसरल्यासारखी वाटत होती. १ फेब्रुवारीपासून सर्वसामान्यांना मुंबईच्या लोकलमध्ये पाय ठेवता आला. वेळा मात्र ठरलेल्या होत्या: सकाळी सातच्या आत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. मंगल कार्यालयांच्या तारखा पुन्हा भरू लागल्या. लस आली म्हणजे हे संपलं, असंच बहुतेकांनी धरलं होतं.

ते संपायला २ एप्रिल २०२२ चा गुढीपाडवा उजाडला. मधल्या सव्वा वर्षात निर्बंधांवरून या राज्यात जेवढी भांडणं झाली, तेवढी २०२० च्या कडक टाळेबंदीतही झाली नव्हती. तेव्हा भीती ताजी होती आणि बंद सगळ्यांना सारखाच होता. २०२१ मध्ये कुणाला काय बंद आणि कुणाला काय चालू, हे रोज डोळ्यांसमोर दिसत होतं. लोक बेशिस्त झाले म्हणून दुसरी लाट आली, हे त्या वेळी फार सहज बोललं गेलं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. लोक थकले होते हे खरं, पण त्यांचा संताप होता तो नियमातल्या आपपरभावावर.

फेब्रुवारीच्या मध्यावर विदर्भात रुग्ण वाढू लागले. अमरावती आणि अचलपुरात आठवड्याची टाळेबंदी लागली, मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी २१ फेब्रुवारीला ‘मी जबाबदार’ मोहीम जाहीर केली आणि सभा-मोर्चांवर बंदी आली. मास्क नसेल तर मुंबईत दोनशे रुपये दंड होता, आणि तो वसूल करणाऱ्या क्लीनअप मार्शलशी नाक्यानाक्यावर हुज्जत चालायची. तरी या सगळ्याकडे लोकांनी कुरकुरत का होईना, पण समजून पाहिलं. पहिला खरा स्फोट झाला तो पुण्याच्या नवी पेठेत, ११ मार्चला.

एमपीएससीची पूर्वपरीक्षा १४ मार्चला होती. वर्षभरात ती पुन्हा पुन्हा पुढे गेली होती. तीन दिवस आधी पुन्हा तेच कळलं, आणि अभ्यासिकांमधली मुलं पुस्तकं तशीच ठेवून शास्त्री रस्त्यावर येऊन बसली. ही मुलं म्हणजे कोण? बीड, परभणी, सोलापूर, जळगावकडच्या गावांतून आलेली, एका खोलीत चौघं राहणारी, खानावळीचा डबा दोघांत वाटून खाणारी. परीक्षा पुढे जाते तेव्हा खोलीचं भाडं पुढे जात नाही आणि वयोमर्यादाही थांबत नाही. घरून दर महिन्याला येणारे पैसे कुठून येतात ते त्यांना ठाऊक असतं. त्यांचा प्रश्न साधा होता: आरोग्य विभागाचीच भरती परीक्षा २८ फेब्रुवारीला होते, नेत्यांचे कार्यक्रम होतात, मग आमच्याच परीक्षेला कोरोना का? या प्रश्नाला सरकारकडे उत्तर नव्हतं. परीक्षा २१ मार्चला घेण्यात आली. आठवड्याभरात घेता आली, म्हणजे आधीही घेता आली असती, असा अर्थ राज्यभरातल्या मुलांनी लावला, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही.

मग एप्रिल आला. ४ एप्रिलच्या मंत्रिमंडळ बैठकीनंतर ‘ब्रेक द चेन’ची घोषणा झाली, तेव्हा बहुतेक दुकानदारांना कळलं ते इतकंच की शनिवार-रविवार बंद. प्रत्यक्ष आदेश हातात पडला तर त्यात जीवनावश्यक सोडून सगळी दुकानं ३० एप्रिलपर्यंत पूर्ण बंद. गुढीपाडव्यासाठी माल भरून ठेवलेले कापडवाले, भांडीवाले, सराफ रस्त्यावर उतरले. जिल्ह्याजिल्ह्यांत व्यापारी संघटनांनी निवेदनं दिली, काहींनी दुकानं उघडण्याचे इशारे दिले. १४ एप्रिलच्या रात्री आठपासून राज्यभर १४४ कलम लागू झालं.

इथे मला स्पष्ट लिहायला हवं. एप्रिलमधला बंद आवश्यक होता. १८ एप्रिलला एका दिवसात ६८,६३१ नवे रुग्ण सापडले. नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिलला प्राणवायूच्या टाकीतून गळती झाली आणि जोडलेल्या नळ्यांमधला दाब जाऊन वीसहून अधिक माणसं गेली. रेमडेसिव्हिरच्या एका कुपीसाठी माणसं रात्रभर औषधदुकानांबाहेर उभी होती. त्या दिवसांत दुकान उघडं ठेवण्याचा आग्रह धरणं मला समजत होतं, मान्य नव्हतं. पण बंद आवश्यक होता हे एकदा मान्य केलं की पुढचा प्रश्न टाळता येत नाही: त्याची किंमत कुणी मोजली?

सरकारने ५,४७६ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. शिवभोजन थाळी मोफत झाली, शिधापत्रिकेवर महिन्याचं धान्य मोफत मिळालं, परवानाधारक रिक्षावाल्यांना, नोंदणीकृत फेरीवाल्यांना आणि बांधकाम मजुरांना दीड दीड हजार रुपये. ज्याची नोंद, त्यालाच मदत. फेरीवाल्यांपैकी किती जणांकडे कागद असतो, हे कुठल्याही बाजारात जाऊन विचारावं. आणि केशकर्तनालयवाल्यांचं काय? त्यांची दुकानं ५ एप्रिललाच बंद झाली होती. गाळा भाड्याचा, दोन कारागीर उक्त्यावर, खुर्च्यांचं कर्ज चालू. मग कात्री, कंगवा आणि वस्तऱ्याची पाती साध्या पिशवीत घालून, वर भाजीची जुडी ठेवून माणसं गिऱ्हाइकाच्या घरी जाऊ लागली. पोलिसाने हटकलं तर भाजीला निघालोय म्हणून सांगायचं. पन्नाशीतला कारागीर लोकांच्या जिन्यात, खाली वर्तमानपत्र अंथरून केस कापत होता. नियम मोडणाऱ्यांच्या यादीत तोही मोजला गेला.

आणि त्याच पंधरवड्यात पंढरपुरात पोटनिवडणूक होती. १७ एप्रिलला मतदान झालं. त्याआधी सत्ताधारी आणि विरोधक, दोन्ही बाजूंच्या बड्या नेत्यांनी तिथे सभा घेतल्या, गर्दीची छायाचित्रं राज्यभर फिरली. तीन महिन्यांनी आषाढीला त्याच पंढरपूरला मानाच्या दहा पालख्या एसटीने नेल्या गेल्या, पायी वारीचा आग्रह धरणाऱ्यांना पोलिसांनी ताब्यात घेतलं. पालख्या एसटीने नेण्याचा निर्णय मला योग्यच वाटतो. वारकऱ्यांच्या मोठ्या वर्गानेही तो जड मनाने स्वीकारला. पण एप्रिलमधली सभा पाहिलेल्या माणसाला जुलैमधली बंदी कुठल्या तोंडाने समजावायची, हे पोलीस ठाण्यातल्या हवालदाराने ठरवायचं का?

या सगळ्यावर तोडगा म्हणून लस होती. १ मार्चला साठीच्या पुढचे, १ एप्रिलला पंचेचाळिशीच्या पुढचे सगळे, १ मेपासून अठरा वर्षांपुढचे. कागदावर दारं उघडत गेली, कुप्या मात्र आल्या नाहीत. ७ एप्रिललाच आरोग्यमंत्री राजेश टोपे म्हणाले की तीन दिवस पुरेल एवढाच साठा आहे, केंद्राने उलट राज्यावर नियोजनाचा ठपका ठेवला. महिनाअखेर मुंबईतली केंद्रं तीन दिवस बंद राहिली. मे महिन्यात १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण थांबवून त्या कुप्या पंचेचाळिशीपुढच्यांच्या दुसऱ्या डोसकडे वळवाव्या लागल्या.

त्या मे महिन्यातली एक संध्याकाळ घरोघरी सारखीच गेली असेल. मुलगा फोन घेऊन बसलाय, बहीण लॅपटॉप घेऊन. कोविन पोर्टलवर जिल्हा निवडायचा, पिनकोड टाकायचा, ओटीपी येईपर्यंत हिरवा चौकोन लाल होतो. शहरात जागा नाही म्हणून पन्नास-साठ किलोमीटरवरच्या खेड्यातलं प्राथमिक आरोग्य केंद्र सापडतं. सकाळी गाडी काढून मुलं तिथे पोचतात, तर गावातली म्हातारी माणसं झाडाखाली बसलेली. त्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांच्याच गावच्या लशी शहरातल्यांनी रात्री उचललेल्या. अशा केंद्रांवर बाचाबाची झाली, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. दोन्ही बाजू आपापल्या परीने खऱ्या होत्या, म्हणून ते भांडण फार लागलं.

जे लस देत होते, घरोघरी फिरून ताप मोजत होते, तेही दमले होते. १५ जूनला राज्यातल्या आशा सेविकांनी संप पुकारला. त्यांची संख्या सत्तर हजारांच्या आसपास. वर्षभर त्यांनी दारोदार जाऊन ऑक्सिमीटर लावला, काही ठिकाणी शिव्याही खाल्ल्या. आठवड्याने संप मिटला तेव्हा पदरात पडली मासिक हजाराची वाढ आणि पाचशेचा कोविड भत्ता. थकव्याची चर्चा करताना आपण दुकानदार आणि प्रवाशांबद्दल बोलतो, या बायकांचं नाव क्वचितच घेतो.

७ जूनपासून पाच स्तरांची पद्धत आली: जिल्ह्याचा बाधित दर आणि प्राणवायूच्या भरलेल्या खाटा पाहून काय उघडायचं ते ठरणार. कल्पना चांगली होती, शास्त्राला धरून होती. सुरुवातच फसली. ३ जूनला मंत्री विजय वडेट्टीवार यांनी अठरा जिल्हे खुले होत असल्याचं जाहीर केलं आणि काही तासांत सरकारनेच अजून निर्णय झाला नसल्याचा खुलासा केला. २५ जूनला विषाणूच्या डेल्टा प्लस प्रकाराच्या धास्तीने सगळे जिल्हे किमान तिसऱ्या स्तरात ढकलले गेले. बाधित दर खाली आणलेल्या जिल्ह्यांना त्याचं काहीच फळ मिळालं नाही. दुपारी चारला शटर खाली. नोकरदार माणूस कामावरून सुटणार सहाला, मग तो खरेदी कधी करणार? त्यामुळे शटर अर्ध्यावर ओढून, बाहेर एक पोऱ्या लक्ष ठेवायला उभा करून धंदा चालू राहिला. लोक अंधारात, कोंडलेल्या हवेत खेटून उभे राहू लागले. ऑगस्टच्या सुरुवातीला बहुतेक जिल्ह्यांना रात्री आठपर्यंत मुभा मिळाली, अकरा जिल्हे मागे राहिले. त्यात पुणे होतं, कोल्हापूर होतं. पुण्यातल्या व्यापाऱ्यांनी मग उघडपणे सातपर्यंत दुकानं चालू ठेवण्याचं ठरवलं, आणि काही दिवसांतच सरकारने मुभा दिली. बंद मंदिरं उघडावीत म्हणून भाजपने ३० ऑगस्टला शंखनाद आंदोलन केलं, मंदिरं घटस्थापनेला, ७ ऑक्टोबरला उघडली. त्यात श्रद्धा होती तितकंच राजकारणही होतं. फुलवाले, प्रसादवाले आणि गुरव यांच्या चुलीबद्दल दोन्हीकडून फार कुणी बोललं नाही.

मला सर्वांत अन्यायाचा वाटतो तो लोकलचा नियम. मधे सर्वसामान्यांना पुन्हा बंद झालेली लोकल १५ ऑगस्टपासून खुली झाली ती दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांनाच. कोविशिल्डच्या दोन डोसांमधलं अंतर तेव्हा चौऱ्याऐंशी दिवस होतं, ते वाढवलं होतं केंद्र सरकारनेच. अठरा वर्षांपुढच्यांसाठी राज्यात सरकारी केंद्रं खऱ्या अर्थाने उघडली २२ जूनला. त्याच दिवशी, पहिल्याच रांगेत उभं राहून डोस घेतलेल्या पंचविशीतल्या मुलीला दुसरा मिळणार १४ सप्टेंबरला आणि लोकल मिळणार २८ सप्टेंबरला. ती एकही दिवस चुकली नव्हती. ज्यांच्याकडे खासगी रुग्णालयाचे पैसे होते, त्यांचं वेळापत्रक आधी सुरू झालं होतं. डोंबिवली-बदलापूरहून दादरच्या दुकानात कामाला येणाऱ्यांनी बसला लोंबकळत दोन-अडीच तास काढले, पगारातला मोठा हिस्सा प्रवासात घातला, नाहीतर विनातिकीट चढून दंड भरला. काहींनी अत्यावश्यक सेवेची खोटी ओळखपत्रं बनवली आणि गुन्हे अंगावर घेतले. लस घेतलेल्यांना सवलत देणं मी चूक मानत नाही. लस प्रत्येकाला मिळण्याची सोय होण्याआधी तिची अट घालणं चूक होतं. क्रम उलटा लागला, आणि त्याचा भार पडला तो उशिरा पाळी आलेल्यांवर.

पुढे लशी मुबलक झाल्या तेव्हा अट आणखी ताणली गेली. नोव्हेंबरमध्ये औरंगाबाद जिल्ह्यात किमान एक डोस नसेल तर रेशन आणि पेट्रोल नाही, असा आदेश निघाला. लसीकरण तिथे मागे होतं हे खरं, आकडे वाढलेही असतील, पण रेशनचा तांदूळ हे दाबाचं साधन होऊ शकत नाही. जानेवारीत ओमिक्रॉनची लाट आली, व्यायामशाळा आणि ब्युटी पार्लर बंदचा आदेश एका रात्री निघाला आणि दुसऱ्या दिवशी बदलला. तोवर लोकांनी आदेश वाचणंच सोडलं होतं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लोकलबाबतच्या आदेशांच्या प्रक्रियेवर बोट ठेवलं: मुख्य सचिवांनी राज्य कार्यकारी समितीशी सल्लामसलत न करता ते काढले होते. महिन्याभराने सगळेच निर्बंध उठले. तोवर राज्यातले १ लाख ४७ हजारांहून अधिक लोक कोरोनाने गेले होते. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांच्यासमोर दुकानाच्या वेळांचं गाऱ्हाणं मांडताना जीभ अडखळते. तरीही ते मांडलं पाहिजे, कारण साथ पुन्हा येणार आहे आणि बंद पुन्हा लागणार आहे.

हे सगळे हुकूम ज्या दोन कायद्यांच्या आधारे निघाले, त्यातला एक १८९७ चा, प्लेगच्या वेळचा. खर्च आणि असलीच तर भरपाई कुणी सोसायची ते सरकारने ठरवावं, एवढाच त्यात उल्लेख आहे. ती भरपाई सरकारच्या मर्जीवर न ठेवता कायद्यात बांधून घ्या. धंदा बंद करण्याचा आदेश ज्या कागदावर निघेल, त्याच कागदावर भाडं, पगार आणि हप्त्यांचं काय होणार ते लिहिलेलं असावं, नोंदणी नसलेल्यांनाही ते मिळावं, आणि सभांना सूट द्यायची असेल तर तिचं कारण सहीनिशी जाहीर व्हावं. हे काम साथ नसतानाच करावं लागेल. आपल्या आमदाराला हे आत्ता विचारा.