गुरं विकून आणलेला सूर

मराठी माणसाला ‘ऑर्गन’ म्हटलं की संगीत नाटकाचा ऑर्गन आठवतो. रंगमंचापुढे ठेवलेली, पायाने भाता मारत वाजवायची ती मोठी पेटी. तिच्यात धातूच्या पट्ट्या थरथरतात आणि सूर निघतो, म्हणजे कुळाने ती हार्मोनियमचीच थोरली बहीण. चर्चमधला पाइप ऑर्गन त्या कुळातला नव्हे. ट्रम्पेटसारखे काही आवाज सोडले तर त्याच्यात अशी थरथरती पट्टी नसते, नळी असते. नळीच्या ओठावर हवा फुटते आणि आतला वायुस्तंभ बोलू लागतो. त्याचं नातं बासरीशी आहे. शेकडो बासऱ्या एका खोक्यावर उभ्या करून त्यांना एकाच भात्याने फुंकलेलं वाद्य, असं त्याचं वर्णन करता येईल. पण या वाद्याची आपल्या मनातली प्रतिमा बहुधा चित्रपटांतून आणि कॅथीड्रलच्या छायाचित्रांतून आलेली असते: भिंतभर नळ्या, चार-पाच पट्टीफलक, छत हादरवणारा गडगडाट. अमेरिकेत अटलांटिक सिटीच्या सभागृहात 33 हजारांहून अधिक नळ्यांचा ऑर्गन आहे आणि जगातला सर्वांत मोठा म्हणून त्याची नोंद होते. अशी मापं समोर असली की खेड्यातल्या चर्चमधला सहा-सात स्टॉपांचा, म्हणजे नळ्यांच्या सहा-सात रांगांचा, ऑर्गन म्हणजे गरिबाची तडजोड वाटू लागते. प्रत्यक्षात तो या वाद्याचा मूळ पाठ आहे. मोठ्या ऑर्गनांचं शुद्धलेखन बिघडलं तेव्हा ते या लहान पाठांवरूनच सुधारावं लागलं, आणि हे विसाव्या शतकात खरोखर घडलं.

उदाहरण रीझुमचं. जर्मनीच्या वायव्य कोपऱ्यात, एम्डेन शहराजवळ, पूर्व फ्रिजियाच्या सपाट दलदली किनाऱ्यावर हे गाव आहे. समुद्राच्या भरतीपासून वाचण्यासाठी माणसांनी माती टाकून गोल टेकाड उभारलं, त्याच्यावर घरं वर्तुळात बांधली आणि सर्वांत उंच जागी चर्च ठेवलं. या चर्चमधला ऑर्गन 1457 च्या सुमाराचा मानला जातो. ग्रोनिंगेन शहरातल्या हार्मानुस नावाच्या कारागिराने तो केला. प्रदेशाच्या जुन्या बखरीत त्याच्या किमतीची नोंद सापडते, तीही आडवाटेने: आपली पुष्ट गुरं एम्स नदीपार नेऊन ऑर्गनचं मोल चुकतं करता यावं, म्हणून रीझुमच्या लोकांनी स्थानिक सरदाराकडे परवानगी मागितली. एका पट्टीफलकाचं, सात स्टॉपांचं हे वाद्य अजून वाजतं. त्यातले काही स्टॉप मागाहून आलेले आहेत, पण गॉथिक काळातल्या नळ्यांचा मोठा भाग शाबूत आहे. वाजवता येण्याजोग्या इतक्या जुन्या ऑर्गनांची यादी साऱ्या युरोपातही फार लांब होत नाही. स्वित्झर्लंडमध्ये सिओनच्या टेकडीवरचा, वेस्टफालियात ओस्टोनेनचा आणि असे आणखी मोजके. त्यातले बरेचसे लहान आहेत, हा योगायोग नाही.

मोठ्या शहरांतल्या चर्चकडे पैसा होता, आणि पैशाबरोबर अभिरुची बदलत गेली. दर शंभर-दीडशे वर्षांनी नवा ऑर्गन आला, जुना मोडीत निघाला किंवा नव्याच्या पोटात विरघळला. पूर्व फ्रिजियातले शेतकरी पंधराव्या ते सतराव्या शतकांत सधन होते, गुरांच्या आणि धान्याच्या व्यापारावर गबर झालेले. म्हणून तर त्यांनी इतके ऑर्गन घेतले. पुढे दिवस पालटले. 1717 च्या नाताळच्या महापुराने हा किनारा धुऊन काढला आणि जुनी सुबत्ता परत यायला फार काळ गेला. नवं वाद्य घेण्याची ऐपत उरली नाही, जुन्याची डागडुजी करण्याइतकी मात्र राहिली. गरिबीने वारसा जपला असं सरसकट म्हणणं सोपं असतं आणि बहुतेक वेळा खोटंही, कारण निखळ गरिबीत छप्पर गळतं, लाकडाला कीड लागते आणि नळ्यांचं शिसं वितळवून विकलं जातं. इथे वाचवलं ते मधल्या अवस्थेने: दुरुस्तीपुरता पैसा, बदलण्यापुरता नाही. आपल्याकडचे कित्येक लाकडी सभामंडप अशाच अवस्थेने तारले, आणि गावात पैसा आल्यावर त्यांच्या जागी संगमरवरी फरशी नि सिमेंटचे खांब आले, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

आता हे यंत्र आतून कसं आहे ते पाहू, कारण लहान ऑर्गनचं मोल त्याच्या रचनेत आहे. भात्यातली हवा एका बंद लाकडी पेटीत साठते. पेटीच्या वर नळ्या उभ्या असतात, आत बोटाने दाबायच्या प्रत्येक पट्टीसाठी एक झडप. पट्टी दाबली की तिला जोडलेली बारीक लाकडी काडी झडप ओढते आणि हवा नळीकडे धावते. स्टॉप हा शब्द पेटीवाल्यांच्या ओळखीचा आहे. इथे स्टॉप ओढला की एका जातीच्या नळ्यांची संपूर्ण रांग खुली होते. आठ फुटी स्टॉप म्हणजे ज्याची सर्वांत खर्जातली उघडी नळी साधारण आठ फूट लांब असते तो. चार फुटी स्टॉप एक सप्तक वर, दोन फुटी दोन सप्तकं वर. बोट आणि झडप यांच्यामध्ये लाकूड आणि तार यांखेरीज काही नाही. झडप उघडताना हवेचा जो अडथळा जाणवतो तो बोटाला कळतो, आणि झडप हळू उघडावी की झटक्यात, यावरून नळीच्या उच्चाराची सुरुवात बदलते. वाद्य ‘बोलतं’ असं आपण म्हणतो ते इथे शब्दशः लागू पडतं: जुन्या नळीच्या सुराआधी एक बारीकसं व्यंजन ऐकू येतं, मग स्वर. ऑर्गन जसा मोठा होत जातो तशी ही काड्यांची वाट लांबते, जड होते. एकोणिसाव्या शतकात मोठ्या ऑर्गनांसाठी हवेच्या दाबावर चालणारी यंत्रणा आली, मग विजेची. वाजवणं हलकं झालं, पण बोट आणि नळी यांचा संवाद तुटला. त्याच सुमारास हवेचा दाब वाढवून, नळ्यांच्या ओठांवर खाचा पाडून ते सुरुवातीचं व्यंजनही पुसून टाकलं गेलं. आवाज गुळगुळीत झाला.

मराठी श्रोत्याला जास्त जवळची वाटेल अशी गोष्ट स्वरमेळाची. आजच्या पेटीत बारा स्वर समान अंतरावर बसवलेले असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंटने, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या भागाने, चढा राहतो. याच तक्रारीतून सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी श्रुती-हार्मोनियमचा खटाटोप केला. 1940 साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली, तिच्यामागेही हा आक्षेप होताच. युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या ऑर्गन कारागिरांनी याच प्रश्नाचं वेगळं उत्तर काढलं होतं. त्यांनी पंचम किंचित, साडेपाच सेंटच्या आत, उतरवला आणि त्या बदल्यात गंधार अगदी शुद्ध, 5:4 या प्रमाणात, मिळवला. या सौद्याची किंमतही होती: सगळी तूट साचत साचत एका पंचमावर येऊन पडते, आणि तो इतका बेसूर होतो की युरोपीय वादक त्याला ‘लांडगा’ म्हणत. म्हणून काही मोजक्याच पट्ट्यांत वाजवायचं, बाकीच्या टाळायच्या. नंतरच्या संगीताला सगळ्या पट्ट्या हव्या होत्या, तेव्हा शहरी ऑर्गन पुन्हापुन्हा जुळवले गेले, त्यासाठी नळ्यांची टोकं कापली गेली. रीझुमपासून जवळच असलेल्या वेस्टरहूझन गावचा 1642–43 चा ऑर्गन आज पुन्हा त्या जुन्या मेळात ऐकायला मिळतो. त्याच्यावर साधा षड्ज-गंधार-पंचम एकत्र दाबला तर स्वर एकमेकांवर घासत नाहीत, लाटा उठत नाहीत. तो मेळ दगडी भिंतींच्या मध्ये स्थिर उभा राहतो. श्रुतींवरून वाद घालणाऱ्या आपल्या मंडळींनी एकदा तो ऐकायला हवा.

हे सगळं पुन्हा कळलं कसं, यात माझ्या म्हणण्याचा मुख्य पुरावा आहे. ऑर्गनवादक अल्बर्ट श्वाइट्झर यांनी 1906 मध्ये कारखानी ऑर्गनांविरुद्ध पुस्तिका लिहून वादाला तोंड फोडलं. विसाच्या दशकात जर्मनीत जुन्या ऑर्गनांकडे वळण्याची चळवळ उभी राहिली. पण चळवळीतून निघालेली बरीचशी नवी वाद्यं किरटी आणि कर्कश निघाली, कारण जुन्या ऑर्गनांच्या स्टॉपांची यादी उतरवून घेणं सोपं होतं, नळीचा ओठ वाचणं अवघड. 1954 मध्ये युर्गन आरेंड आणि गेरहार्ट ब्रुन्त्सेमा या दोन तरुण कारागिरांनी पूर्व फ्रिजियातल्या लेअर गावी कार्यशाळा काढली. त्यांच्या वाट्याला पहिल्याप्रथम आली ती आसपासच्या खेड्यांतली ही लहान वाद्यं: 1955 मध्ये वेस्टरहूझन, मग उटुम, 1959–60 मध्ये रीझुम. लहान वाद्यात लपायला जागा नसते. सात स्टॉपांपैकी एक चुकला तर वाद्यच चुकतं. जुन्या नळ्यांची जाडी, शिशाची घडण, ओठाची उंची, पायातल्या भोकाचा व्यास हे सगळं त्यांना नळीनळीगणिक वाचावं लागलं. त्या अक्षरओळखीवर पुढे आरेंड यांनी आर्प श्निटगर या थोर कारागिराचे मोठे ऑर्गन पूर्ववत केले: 1985 मध्ये नॉर्डनचा, 1993 मध्ये हॅम्बुर्गच्या सेंट याकोबी चर्चमधला, जो चार पट्टीफलकांचा आणि 60 स्टॉपांचा आहे. साठ स्टॉपांची भाषा सात स्टॉपांवर शिकलेल्या हातांनी पुन्हा बोलती केली.

लहान ऑर्गनवरचा पहिला आक्षेप संगीतकाराचा असतो: या वाद्यावर वाजवणार काय? पायाने वाजवायच्या स्वतंत्र पट्ट्या नसतील तर बुक्स्टेहुडे आणि बाख यांच्या मोठ्या रचना बाद. हे खरं आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण ऑर्गनचं भांडार म्हणजे बाख हा समज जर्मन पाठ्यक्रमाने दिलेला आहे. रचनाकार फ्रेस्कोबाल्दीचा 1635 चा संग्रह मुख्यतः हातांनी वाजवायच्या संगीताचा आहे. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात बहुतेक ऑर्गनांना पायपट्ट्या नव्हत्याच; 1738 मध्ये छापलेल्या हँडेलच्या ऑर्गन कॉन्चेर्तोंना त्यांची गरज पडत नाही. बासरीवर सतारीचा झाला वाजत नाही म्हणून कोणी बासरीला अपुरं म्हणत नाही. प्रश्न वाद्याला काय येत नाही हा नसून, त्याला जे येतं ते दुसऱ्या कशाला येतं का, हा आहे.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे. जवळपास सहा शतकांत दुरुस्त्या होत होत रीझुमच्या ऑर्गनात अस्सल किती उरलं? नळ्या काही पंधराव्या शतकातल्या, काही सतराव्या, काही 1960 च्या. मग 1457 हा आकडा मिरवायचा कशासाठी? मिरवू नये, हे मान्य. पण वाद्य ही वस्तू कपाटातल्या नाण्यासारखी नसते. वाजत राहण्यासाठी तिचं चामडं, तारा, भाते बदलावेच लागतात, आणि न वाजणारा ऑर्गन म्हणजे नक्षीदार कपाट. जीर्णोद्धार हा आपला शब्दच सांगतो की जीर्ण झालेल्याचा उद्धार करायचा, त्याची जागा बळकावायची नाही. चांगल्या आणि वाईट जीर्णोद्धारातला फरक इथे मोजता येतो: जुनी नळी कापली की लांबवली, तिच्यावर मूळ कारागिराने कोरलेली स्वराची खूण जपली की घासली, नवी नळी जुन्या मापाने केली की कारखान्याच्या. इतकं तपासता येत असेल तर अस्सलतेचा प्रश्न श्रद्धेचा राहत नाही, हिशेबाचा होतो. आणि जुनं ते सगळं सोनं असंही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यादीवरून मागवलेले कितीतरी लहान ऑर्गन नीरस आहेत आणि ते गेले तर फारसं बिघडणार नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. प्रार्थनेला येणारे कमी होत चालले असताना मूठभर लोकांसाठी हा खर्च कशाला? इथे लहान ऑर्गनच्या बाजूने कोरडा व्यवहार उभा राहतो. विजेच्या यंत्रणेचे ऑर्गन काही दशकांत मोठी दुरुस्ती मागतात. इलेक्ट्रॉनिक वाद्याचे सुटे भाग त्याच्याही आधी बाजारातून नाहीसे होतात. काडी, झडप आणि भाता यांचं यंत्र मात्र शतकानुशतकं चालतं आणि कुशल कारागीर ते जागेवर उघडून दुरुस्त करू शकतो. धोके वेगळेच आहेत. 1917 मध्ये युद्धासाठी कथील हवं म्हणून जर्मनीतल्या असंख्य ऑर्गनांच्या दर्शनी नळ्या सरकारजमा झाल्या. शांततेच्या काळात चर्चमध्ये बसवलेल्या हीटरनी हवा कोरडी केली आणि पेट्यांचं लाकूड तडकलं. लाकडातून सुटणाऱ्या आम्ल वाफांनी शिशाच्या नळ्या आतून झिजतात, हेही अलीकडच्या संशोधनाने स्पष्ट केलं. म्हणजे यातली बरीचशी काळजी पैशापेक्षा समजुतीने घेण्याची आहे: थंडीत कोट घालून बसायची तयारी असेल तर ऑर्गन वाचतो.

युनेस्कोने 2017 मध्ये जर्मनीतली ऑर्गन घडवण्याची कला आणि ऑर्गनसंगीत यांना अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्या देशात 50 हजारांवर ऑर्गन आहेत आणि सुमारे 400 कार्यशाळा, त्यातल्या बहुतेक लहान. पर्यटकांच्या रांगा मात्र मोठ्या कॅथीड्रलांपुढेच लागतात. तिकडे जाणं घडलं नाही तरी रीझुम आणि वेस्टरहूझन इथली ध्वनिमुद्रणं मिळतात. ती ऐकताना आवाज फार मोठा ठेवू नका. सुराच्या मागे लाकडाची बारीक खुटखुट ऐकू येईल. ती मुद्रणातली चूक नाही, झडपा उघडताहेत.