खारे वारे आणि घरातली यंत्रे

मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यानंतरच्या आठवड्यात अलिबागेच्या किनाऱ्यावरील अष्टागरातल्या कोणत्याही वाडीतून फेरफटका मारला, तर माजघरामाजघरांतून एकच फिर्याद कानी येते : "काल रात्री तर चांगला चालत होता, आज सकाळी लागतच नाही." आरोपी कधी टीव्ही असतो, कधी मिक्सर, कधी वॉशिंग मशीन, आणि गंमत अशी, की दुपारी ऊन पडून घर जरा तापले म्हणजे हाच आरोपी कोणी हात न लावता पुन्हा कामावर रुजू होतो. घरातली वडीलधारी माणसे या प्रकाराला यंत्राची लहर म्हणतात, दुकानदार "बोर्ड गेला" असा निकाल देतो. पहिल्या निदानात विनोद आहे आणि दुसऱ्यात खर्च आहे, पण तपास म्हणावा असा दोहोंतही नाही.

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे यांच्या व्याख्या आपण सर्वांनी घोकलेल्या असतात. मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर मात्र ती व्याख्या रोज घरात येऊन बसते. दिवसभर समुद्रावरून येणारा वारा फुटत्या लाटांनी उडवलेले मिठाचे अतिसूक्ष्म कण बरोबर आणतो, आणि ते खिडकीच्या गजांवर जसे बसतात तसेच टीव्हीच्या पाठीमागच्या फटींतून आत शिरून तेथील सर्किट बोर्डावरही बसतात. उन्हाळ्यात हे मीठ कोरडे असते, आणि कोरड्या मिठातून वीज वाहत नाही. परंतु हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मीठ हवेतले पाणी ओढून घेऊन त्यात आपणच विरघळते. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीत मिठाला पाणी सुटते ते याच कारणाने. बोर्डावर सुटलेले हे खारे पाणी विजेला नको तेथे वाट करून देते, आणि यंत्र सकाळी रुसून दुपारी हसते. पुढे हेच पाणी तांब्याला खाऊ लागते. तांब्यापितळेच्या भांड्यात ठेवलेले ताक कळकते हे ज्या घराला ठाऊक आहे, त्या घराला बोर्डावरच्या हिरव्या कळंकाविषयी वेगळे सांगावयास नको.

या किनाऱ्यावर अनेक वर्षे बिघडलेल्या वस्तू उघडून पाहिल्यानंतर माझे मत असे बनले आहे, की दहातल्या सात-आठ वेळा दोष यंत्राच्या गाभ्यात नसून त्याच्या सांध्यात असतो. प्लगची पिन आणि सॉकेट, स्विचचे दोन पॉइंट, रिमोटची स्प्रिंग आणि सेल, पट्टीच्या तारेचे टोक आणि तिची खाच, भागाचा पाय आणि त्याला दिलेला डाख, अशा जेथे जेथे दोन वस्तू एकमेकींना टेकतात तेथे तेथे खारी हवा शिरते. तेथला स्पर्श ढिला होतो, ढिल्या जागी ठिणगी पडते, ठिणगीने काजळी धरते, आणि मग कारागीर म्हणतो, "पॉइंटला कार्बन धरलाय." मेंदूवर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी गुडघा दाबून पाहावा, इतकाच माझ्या सांगण्याचा मथितार्थ.

तपासाचा शिरस्ता कसा असावा याचा एक नामांकित दाखला अलिबागेतच आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. शहरात विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार असे दिसू लागले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने वेधशाळेतील नाजूक चुंबक विचलित होतील हे ओळखून संचालक नानाभाई मूस यांच्या काळात हे काम अलिबागेस हलविण्याची तजवीज झाली, आणि चुंबकाला आकर्षण वाटू नये म्हणून लोखंड वर्ज्य करून, पोरबंदरी दगडाची इमारत उभी राहिली. पुढे अलिबागेचा कुलाबा जिल्हा रायगड झाला, वेधशाळा मात्र अजून तेथेच आहे. आपल्या कामाची गोष्ट याच्या पुढची आहे. अलिबागेच्या नोंदी १९०४ साली सुरू झाल्या, तरी कुलाब्याच्या ताबडतोब बंद केल्या नाहीत. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मापे घेऊन त्यांची परस्परांशी रुजुवात घालण्यात आली, आणि मगच जुन्या जागेचा निरोप घेतला गेला. विजेची ट्राम मुंबईत धावली ती १९०७ साली.

घरगुती दुरुस्तीची पहिली पायरी हीच रुजुवात आहे. बंद पडलेला मिक्सर दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर लावून पाहावा, आणि मिक्सरच्या सॉकेटवर चालू स्थितीतला टेबललॅम्प लावावा. दोन मिनिटांत दोष भिंतीत आहे की भांड्यात, याची हद्द ठरते. चार्जर चालत नसेल तर तार बदलावी, मग ॲडॉप्टर, मग फोन. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, कारण दोन एकदम बदलून यंत्र चालू झाले, तर गुन्हेगार कोण हे कधीच कळत नाही. त्याच वेळी घरच्या मंडळींची जबानी घ्यावी : बंद पडण्यापूर्वी आवाज आला का, वास आला का, लाईट जाऊन आली होती का. "मी काहीच केले नाही" हे उत्तर दप्तरी नोंदवून घ्यावे. त्यावर फारसे विसंबू नये.

रिमोटचे उदाहरण जरा जवळून पाहू. टीव्ही ऐकत नाही तेव्हा दोष रिमोटचा की टीव्हीचा, हे ठरविण्यासाठी मोबाइलचा कॅमेरा उघडून रिमोटचे तोंड त्याच्यासमोर धरावे आणि बटण दाबावे. आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश बऱ्याच कॅमेऱ्यांना जांभळट ठिपक्यासारखा दिसतो. मागचा कॅमेरा दाखवीत नसेल तर पुढचा पाहावा. आधी चालू असलेल्या एखाद्या रिमोटवर कॅमेऱ्याची खातरजमा केली, की निष्कर्ष पक्का. ठिपका दिसला नाही तर सेल काढावेत. स्प्रिंगवर पांढरी भुकटी किंवा हिरवट थर दिसेल. अल्कलाइन सेलमधून पाझरणारे द्रव्य क्षारधर्मी असल्याने कापसाच्या बोळ्यावर लिंबाचे दोन थेंब घेऊन ती जागा पुसली, मग किंचित ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने टिपली, की बहुधा काम होते. बोर्डावरची खारट ओल काढण्यास मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल, ज्याला तेथे नुसते आयपीए म्हणतात, आणि दात घासण्याचा जुना ब्रश हे पुरेसे असते. मात्र प्लग काढून, ज्योतीपासून दूर, आणि पूर्ण वाळेपर्यंत धीर धरून.

मिक्सर वाटण वाटताना मध्येच थांबला, तर त्याच्या बुडाशी असलेले लाल बटण आधी दाबावे; जादा भार आल्यावर ते आपण होऊन सुटते, आणि ते ठाऊक नसल्याने कित्येक मिक्सर विनाकारण बाजाराची वारी करून आले आहेत. छताचा पंखा हाताने ढकलल्यावर फिरतो, नाहीतर गुणगुणत राहतो, असे असेल तर त्याचा कंडेन्सर उतरला आहे. तो बहुधा अडीच मायक्रोफॅरडचा असतो.

माझ्या लहानपणी चौलच्या रस्त्यावर रेडिओ दुरुस्त करणारे एक काका होते. त्यांच्या टेबलावर मीटर होता, पण दुकानात आलेली कोणतीही वस्तू ते प्रथम एका लाकडी फळीवर लावीत. त्या फळीवर शंभर वॉटचा एक पिवळा दिवा आणि एक सॉकेट अशा रीतीने जोडलेले असे, की वीज दिव्यातून गेल्याखेरीज वस्तूपर्यंत पोहोचत नसे. याला सिरीज बोर्ड म्हणतात. वस्तू आतून शॉर्ट असेल तर दिवा पूर्ण तेजाने पेटतो आणि वस्तूला आग लागण्याऐवजी सर्व ताप दिवा सोसतो. टीव्हीचा पॉवर सप्लाय ठाकठीक असेल तर आतला मोठा कंडेन्सर भरेपर्यंत दिवा क्षणभर उजळतो आणि मंदावतो. अजिबात पेटला नाही तर फ्यूज, तार किंवा स्विच कोठेतरी तुटले आहे. काका त्या उजळण्याकडे वैद्याने नाडीकडे पाहावे तसे पाहत, आणि मगच स्क्रू काढीत. डाख देण्यापूर्वी ते भागाचा पाय चाकूने खरवडून लखलखीत करीत. कल्हईवाला नवसागर लावून मगच कथील फिरवतो, त्यातलाच हा प्रकार. कळंकावर कथील धरत नाही, आणि धरल्यासारखे दिसले तरी महिनाभरात सुटते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले, नारळी-पोफळीच्या बागांबरोबर विजेचे खांब आडवे झाले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. माझ्या माहितीतल्या एका घरी वीज परत आली त्या संध्याकाळी टीव्ही, फ्रिज आणि दोन चार्जर एकदम गेले. वादळाने तुटते ती फेजच असे नाही. थ्री-फेज वाहिनीवरची न्यूट्रल सुटली, तर घरातल्या २३० व्होल्टच्या जागी ४०० च्या आसपास दाब येऊ शकतो. दिवे नेहमीपेक्षा पांढरेशुभ्र दिसू लागले, किंवा एका खोलीत मंद आणि दुसऱ्या खोलीत प्रखर झाले, तर कौतुक करीत न बसता मेन स्विच पाडावा आणि वायरमनला बोलवावे. दीर्घकाळ गेलेली वीज येण्यापूर्वी सर्व प्लग काढून ठेवणे हा याहून स्वस्त उपाय.

घरच्या दुरुस्तीला मर्यादाही आहे, आणि ती स्पष्ट सांगितली पाहिजे. मायक्रोवेव्ह ओव्हन घरी उघडू नये. त्याच्या आत दोन हजार व्होल्टच्या आसपासचा दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये तो दडून राहू शकतो. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचेही तेच. साध्या एलईडी टीव्हीच्या पॉवर सप्लायमध्येसुद्धा ३२५ व्होल्टपर्यंत भरलेला कंडेन्सर असतो, तेव्हा मीटर वापरता येत नसेल त्याने झाकणाबाहेरच थांबावे. ज्या घरात विजेची गळती होताच पुरवठा तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवलेली नाही, तेथे आधी ती बसवावी, मग स्क्रूड्रायव्हर विकत घ्यावा. कारागीर गाठायचा असेल तर "बोर्ड बदलावा लागेल" या वाक्यावर काढलेला बोर्ड परत मागण्याची मुभा ग्राहकाला असते, हे विसरू नये. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले आहे. अधिकृत सेवा आणि सुट्या भागांची माहिती एका ठिकाणी मिळावी, हा त्यामागचा हेतू.

आता राहिले मीठ. ज्या मिठाने एवढा उच्छाद मांडला, तेच घराच्या मागील दारी अर्थिंगच्या खड्ड्यात आपण कोळशाबरोबर मुद्दाम पुरलेले असते, कारण तेथे ओल धरून ठेवणे हेच त्याचे काम. परंतु चैत्र-वैशाखात तो खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरती उरते. तेव्हा मृग लागण्यापूर्वी, छपराची कौले शाकारून होताच, त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी अवश्य घाला, विहिरीचे चालेल.