कागद कुठला?

पेशवे दफ्तरातला एखादा रुमाल सोडला, की आतल्या कागदाला गाव असतं. जुन्नरी, दौलताबादी, अहमदाबादी. पुण्याच्या कसबा पेठेतला कागदीपुरा, दौलताबादहून खुलताबादला जाताना लागणारं कागजीपुरा, ही नावं हातकागद करणाऱ्या कागद्यांचीच. आज झेरॉक्सच्या दुकानात रिमचं वेष्टन उलटून पाहावं, तर बारीक अक्षरांत कधी बल्लारपूर दिसतं, कधी इंडोनेशिया.

मधली गोष्ट सहसा ‘आपण मागे पडलो’ अशा सुरात सांगितली जाते. ती तेवढी सरळ नाही.

विलायती यंत्राचा कागद आला आणि हातकागद मोडला. मग इथेही गिरण्या उभ्या राहिल्या. १८८२ मध्ये बंगालात टिटाघर, त्याच दशकात पुण्याजवळ मुंढव्याला डेक्कन पेपर मिल. परदेशी कागदापुढे त्यांचा टिकाव लागेना म्हणून सरकारने १९२५ मध्ये बांबू कागद उद्योग संरक्षण कायदा केला आणि लिहिण्या-छापण्याच्या आयात कागदावर रत्तलामागे एक आणा जकात बसवली. मात्र ज्यात यांत्रिक लाकडी लगदा ६५ टक्के वा अधिक, तो कागद, म्हणजे वर्तमानपत्राचा, यातून वगळला. तो इथे कोणी करतच नव्हतं, मग संरक्षण कोणाला द्यायचं? पण या सवलतीचा एक परिणाम झाला. देशातलं वर्तमानपत्र परदेशी कागदावरच वाढलं.

भुसावळहून खांडव्याकडे जाताना नेपानगर स्टेशन लागतं. देशातला पहिला न्यूजप्रिंट कारखाना इथला. सलईचं लाकूड आणि बांबू यांच्यावर चालणाऱ्या या कारखान्याचं उद्घाटन नेहरूंनी १९५६ मध्ये केलं. पुढची पंचवीस वर्षं असा दुसरा कारखाना देशात झाला नाही. म्हैसूर, केरळ, तमिळनाडूचे कारखाने आले ते ऐंशीच्या दशकात.

तोवर बाकीचा न्यूजप्रिंट बोटीने यायचा, सरकारी व्यापार महामंडळामार्फत आणि मोजून. कागद परदेशी, चलन दुर्मीळ आणि वाटप सरकारच्या हाती. १९६२ च्या न्यूजप्रिंट नियंत्रण आदेशानंतर १९७२-७३ च्या धोरणाने तर वर्तमानपत्राला दहा पानांची मर्यादा घातली. त्याविरुद्ध बेनेट कोलमन ही वर्तमानपत्र कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. पानं मोजणं म्हणजे मजकूर मोजणं, असं मानून बहुमताने ती मर्यादा रद्द केली. न्यायमूर्ती मॅथ्यू यांचं मत वेगळं पडलं. टंचाईची वस्तू वाटून देणं हे सरकारचं कामच आहे, हा त्यांचा रोख. मला तो निकाल पटतो आणि मॅथ्यूंचा प्रश्नही टाळता येत नाही. आयातीच्या आकड्यावर तेव्हा संपादकाची पानं अवलंबून होती. १९९५ मध्ये न्यूजप्रिंटची आयात खुली झाली. २०१९ च्या अर्थसंकल्पाने त्यावर पुन्हा १० टक्के शुल्क लावलं, पुढच्या वर्षी ते ५ वर आणलं. एव्हाना वाचकच मोबाइलकडे वळत होता.

दरम्यान एकूण कागदाच्या आयातीचं कारणच बदललं. पूर्वी इथे होत नाही म्हणून कागद यायचा, आता इथे होतो तरी येतो. १ जानेवारी २०१० पासून आसियान देश आणि दक्षिण कोरिया यांच्याशी झालेले करार लागू झाले. एरवी कागदावर १० टक्के शुल्क, या देशांच्या मालावर ते टप्प्याटप्प्याने शून्य झालं. गिरण्यांची संघटना सरकारी आकड्यांवरून मांडते त्या हिशेबाने २०१०-११ मध्ये सुमारे साडेपाच लाख टन कागद आणि पुठ्ठा आला, २०१८-१९ मध्ये पंधरा लाखांच्या आसपास. कोविडच्या वर्षात ओहोटी, आणि २०२३-२४ मध्ये एकोणीस लाखांवर. गिरण्या म्हणतात, आमची यंत्रं रिकामी बसलीत. प्रकाशक आणि खोकेवाले म्हणतात, मग भाव उतरवा.

रद्दी या बेरजेत नाही. जकातीच्या पुस्तकात कागद-पुठ्ठा ४८ व्या प्रकरणात, लगदा आणि रद्दी ४७ व्या. अमेरिका-युरोपातली जुनी खोकी कंटेनर भरभरून येतात, वापीसारख्या ठिकाणी त्यांचा क्राफ्ट कागद होतो आणि तो ‘देशी’ म्हणून मोजला जातो. २०१८ पासून चीनने परकी रद्दीला दार लावत आणलं, तेव्हा तो ओघ आपल्याकडेही वळला.

२०२२ पासून कागद आणण्याआधी नोंदणी सक्तीची झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये औषधांच्या-सौंदर्यप्रसाधनांच्या खोक्यांना लागणाऱ्या कोऱ्या लगद्याच्या बहुपदरी पुठ्ठ्याला टनामागे ६७,२२० रुपये किमान आयात किंमत ठरवली गेली, ३१ मार्च २०२६ पर्यंत. यात गिरणीला श्वास मिळतो, पण लहान खोकेवाल्याला कच्चा माल महाग पडतो. आणि मूळ कारण तसंच राहतं. ते कारण म्हणजे लाकूड.

इंडोनेशियात सरकारी जमिनीच्या प्रचंड पट्ट्यांवर कंपन्या बाभळीच्या जातीची झाडं लावतात, पाच-सहा वर्षांत तोडतात. लाकूड गिरणीच्या दारात. त्यासाठी तिथली वर्षावनं आणि दलदली किती गेल्या, हे रिमच्या किमतीत नसतं. आपल्या १९८८ च्या वननीतीने गिरण्यांना सांगितलं, जंगलाकडे नव्हे, शेतकऱ्याकडे जा. मग निलगिरी आणि सुबाभूळ बांधावर आली. लाकूड महागलं.

त्याआधी काय होतं, ते गडचिरोलीला विचारावं. तिथला बांबू वर्षानुवर्षं कराराने कागद गिरणीला जायचा, नाममात्र दराने, आणि गावकऱ्याने तोडला तर गुन्हा. २७ एप्रिल २०११ रोजी मेंढा-लेखा गावात तेव्हाचे वनमंत्री जयराम रमेश यांनी बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. गावाने आपला बांबू आपल्या दराने विकला.