बर्फाचं वजन, पावसाचं वजन आणि आपलं छप्पर



'वजन व मापन' शिकवताना मी मुलांना विचारलं, "बर्फ तर कापसासारखा मऊ. मग त्यानं इमारत कशी पडेल?" मुलं हसली. पण हे खरं आहे. २००६ च्या जानेवारीत जर्मनीतल्या बाड राइशेनहाल इथं बर्फाच्या भारानं स्केटिंग हॉलचं छप्पर कोसळून १५ जण गेले. त्याच महिन्यात पोलंडमधल्या कातोवित्से इथं प्रदर्शनाचा हॉल पडला आणि ६५ माणसं दगावली.

आपल्या टिटवाळ्यात बर्फ कुठला! पण पाऊस आहे ना. आता हा हिशोब मुलांकडून करून घ्या. वर्गात खडूनं एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखा. त्यावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर, म्हणजेच १ किलो. गच्चीच्या पाइपात पालापाचोळा, प्लास्टिक अडकलं आणि १० सेंटिमीटर पाणी साचलं, तर एका चौकोनावर १०० किलो! गच्ची १०० चौरस मीटरची असेल तर १० हजार किलो, म्हणजे १० टन. मीटरभर भुसभुशीत ताज्या बर्फाचा भारही साधारण एवढाच.

वापरातली गच्ची बांधताना माणसं-सामानासाठी दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरतात. त्यामुळे चांगली इमारत हे पाणी सहज पेलते. मग अडचण कुठे? पाणी नुसतं वजन देत नाही, ते आत मुरतं. सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट फुगून फुटतं. वर्षानुवर्षं असं झालं की स्लॅबची ताकद कमी होते आणि नेहमीचं वजनही जड होतं.

२८ जुलै २०१५ ला ठाकुर्लीची 'मातृकृपा' इमारत भर पावसाळ्यात कोसळली, ९ जण गेले. २० मे २०२५ ला कल्याण पूर्वेतल्या 'सप्तशृंगी' इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचं काम चालू असताना स्लॅब खाली आला, ६ जण गेले. म्हणजे धोका नुसत्या पावसाचा नाही. जुन्या स्लॅबवर तोडफोड करण्याचाही आहे.

घरी मुलांसोबत एवढं बघा:

१. खांबाला किंवा बीमला तिरकी भेग आहे का?
२. छताचे पोपडे पडून सळई दिसते का?
३. दारं-खिडक्या अचानक घट्ट बसायला लागल्यात का?
४. गच्चीचे पाइप मोकळे आहेत का?

इमारत ३० वर्षांपेक्षा जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानंच बंधनकारक आहे. सोसायटीच्या सभेत हा विषय काढा. छतातून कडकड आवाज आला, भेग वाढताना दिसली, तर सामान आवरत बसू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा.

हा पाठ झाल्यावर वर्गातली एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, आमच्या खांबाची सळई दिसते. पण बाबा म्हणतात, जायचं कुठे?" मला लगेच उत्तर सुचलं नाही. धोका माहीत असूनही माणसं तिथेच राहतात, कारण दुसरं घर परवडत नाही. म्हणून मुलांना घाबरवू नका, त्यांचं ऐकून घ्या. पालकांना शाळेत बोलवा, शेजाऱ्यांना सोबत घेऊन पालिकेच्या प्रभाग कार्यालयात लेखी अर्ज द्यायला मदत करा. भेग पहिल्यांदा मुलालाच दिसू शकते. ती मोठ्यांपर्यंत पोहोचवणं आपलं काम.