पाणतीर वाहणारे फॉकर

इंडियन एअरलाइन्सच्या ‘फॉकर फ्रेंडशिप’मधून ज्यांनी कधी प्रवास केला असेल, त्यांना फॉकर हे नाव नवे नाही. १९६१ पासून बरीच वर्षे ही विमाने आपल्याकडे प्रवाशांची ने-आण करीत होती. पण हॉलंडच्या याच कारखान्याने त्याच्या चाळीस वर्षे आधी एक निराळे विमान बांधले होते. ते पाण्यावरून उडे, पाण्यावरच उतरे आणि पोटाखाली पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, घेऊन जाई. त्याचे नाव टी-२.

अँथनी फॉकर यांचा जन्म १८९० मध्ये जावा बेटावरचा. पहिल्या महायुद्धात त्यांनी जर्मनीला लढाऊ विमाने पुरवली. जर्मनी हरल्यावर त्यांनी विमाने आणि इंजिने आगगाडीच्या डब्यांत भरून हॉलंडला आणली आणि १९१९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला नवा कारखाना काढला. राइनहोल्ड प्लाट्झ हे त्यांचे प्रमुख रचनाकार, मूळचे वेल्डिंगचे कारागीर. पोलादी नळ्या जोडून केलेला सांगाडा आणि वर लाकडाचा जाड पंख ही या कारखान्याची खूण. हा पंख आतूनच इतका भक्कम असे की त्याला बाहेरून तारांचा वा दांड्यांचा आधार लागत नसे.

पाणतीर न्यायचा म्हटला की मात्र साधे हिशेब बदलतात. पाण्यावर उतरणाऱ्या विमानाला चाकांऐवजी पोकळ होड्यांसारखे दोन फ्लोट असतात. लाटांच्या माराने ते फाकू नयेत म्हणून एरवी त्यांना आडव्या दांड्यांनी एकमेकांशी बांधतात. पण पाणतीर नेमका त्या दोहोंच्या मधून खाली सुटायचा! आडवी दांडी ठेवावी तर वाट अडते, काढावी तर उरलेल्या आधारांवर सगळा ताण येतो. इंग्रजांच्या ‘शॉर्ट’ विमानांत या दांड्यांना कमानीसारखा बाक देऊन वाट काढली होती. दुसरी अडचण वजनाची. त्या काळचा पाणतीर पाऊण टनाच्या घरात जाई. तो विमानाच्या गुरुत्वमध्याखालीच टांगावा लागे, नाहीतर सोडताक्षणी विमानाचा तोल जायचा. तो सोडायचाही पाण्याला जवळजवळ टेकून, सरळ आणि संथ जाताना. म्हणजे वैमानिकाने शत्रूच्या तोफांसमोर सावकाश जायचे!

टी-२ चे उत्तर होते एकपंखी रचना: पंख खाली, ४०० अश्वशक्तीचे एक लिबर्टी इंजिन आणि तारांचे जाळे नाही. अमेरिकन नौदलाने अशी तीन विमाने घेतली आणि कर्टिस, स्टाउट, ब्लॅकबर्न व डग्लस यांच्या विमानांशी त्यांची तुलना केली. पसंती मिळाली ती डग्लसच्या दुपंखी डीटीला. दिसायला ते जुन्या वळणाचे, पण त्याचे पंख दुमडता येत आणि फ्लोट काढून चाकेही बसवता येत. नौदलाला हीच सोय हवी होती. टी-२ ची पुढे मागणी आली नाही.

गंमत अशी की, डीटीवरूनच बनवलेली विमाने १९२४ मध्ये जगप्रदक्षिणेला निघाली तेव्हा ती हिंदुस्थानातूनही गेली. कलकत्त्याला त्यांचे फ्लोट काढून चाके बसवली आणि मग ती अलाहाबाद, अंबाला, मुलतान करीत कराचीला पोचली.

टी-२ मागोमाग फॉकरने टी-३ काढले. ते घेतले पोर्तुगालने, ज्यांचे तेव्हा गोव्यावर राज्य होते. १९२२ मध्ये गागो कुतिन्हो यांच्यासह दक्षिण अटलांटिक प्रथम ओलांडणारे साकादुरा काब्राल हे वीर यांतील एक विमान लिस्बनला नेण्यासाठी १५ नोव्हेंबर १९२४ रोजी अ‍ॅमस्टरडॅमहून निघाले. सोबत एक यंत्रज्ञ होता. उत्तर समुद्रावर विमान नाहीसे झाले. त्या दोघांचे देह कधीच सापडले नाहीत.

डच नौदलाला हवे तसे विमान मिळाले ते १९२७ मध्ये. टी-४ ला एकाऐवजी दोन इंजिने होती. ही विमाने फॉकर यांच्या जन्मभूमीत, जावाच्या समुद्रावर, बरीच वर्षे राबली. १९४२ मध्ये जपानी आले तेव्हाही त्यांतली काही तेथेच होती.