घडीव पाते आणि पोकळ पाठ

गोल्फ खेळणाऱ्याच्या पिशवीत नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १४ काठ्या चालतात. त्यांपैकी पोलादाच्या चपट्या डोक्याच्या ज्या असतात, त्यांना ‘आयर्न’ म्हणतात. आता हे आयर्न कसे घ्यावे, घडीव ब्लेड की पोकळ पाठीचे कॅव्हिटी-बॅक, हा वाद गोल्फच्या मैदानावर जुना आहे. वाद खेळाचा असला तरी मुळात तो पदार्थविज्ञानाचा आहे, म्हणून एका प्राध्यापकाने त्यात तोंड घातले तर आपण रागावणार नाही, अशी आशा आहे.

सैन्यातून निवृत्त झाल्यावर माझ्या मामांनी आपला जुना संच मला दिला. डोकी बारीक, पाठ सपाट, कडा पातळ, अगदी पाते. म्हणूनच त्याला ब्लेड म्हणायचे. चेंडू मधोमध लागला की लोण्यातून सुरी जावी तसे वाटे. पण नखभर बाजूला लागला, की चेंडू भलतीकडे आणि मनगटापर्यंत झिणझिण्या! दोन हिवाळे खेळलो आणि संच परत नेऊन दिला. म्हटले, “मामा, हा खेळ आपला नव्हे.” हात कच्चा होता हे खरेच, पण सारा दोष हाताचा नव्हता, हे पुढे कळले.

घरी एक प्रयोग करून पाहा. हातभर लांबीची काठी मधोमध धरा. मुठीच्या दोन्ही बाजूंना, अगदी जवळ, सारखी वजने बांधा आणि मनगट झरझर उलटसुलट फिरवा. सहज फिरते. आता तीच वजने काठीच्या दोन टोकांना सरकवा. वजन तेवढेच, पण मनगट लवकर भरून येते. वस्तुमान आसापासून दुप्पट दूर नेले, की फिरण्याला त्याचा विरोध चौपट होतो. कुंभाराचे चाक एकदा फिरवले की बराच वेळ फिरत राहते, ते काठाशी असलेल्या वजनामुळेच.

ब्लेडमध्ये धातू मध्याजवळ एकवटलेला असतो. चेंडू टोकाकडे लागला तर डोके चटकन वळते. चेंडूचा वेग जातो आणि दिशाही जाते. कॅव्हिटी-बॅकमध्ये पाठीमागचा धातू कोरून काढतात आणि तोच कडेने व तळाशी देतात. त्यामुळे डोके कमी वळते. शिवाय गुरुत्वमध्य खाली गेल्यामुळे चेंडू हवेत चढायलाही मदत होते. नॉर्वेत जन्मलेले अमेरिकन अभियंता कार्स्टन सोल्हाइम यांनी १९५९ साली हे तत्त्व वापरून पटर, म्हणजे चेंडू खळीत ढकलायची काठी, तयार केली. पुढे तेच त्यांनी आयर्नला लावले. १९८२ साली आलेले त्यांचे ‘पिंग आय-टू’ आयर्न अतिशय गाजले.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. घडीव की ओतीव हा एक प्रश्न; सपाट पाठ की पोकळ पाठ हा दुसरा. तापवलेले मऊ पोलाद साच्यात दाबून, ठोकून बनवतात ते घडीव. मेणाची प्रतिकृती करून, तिच्यावर साचा चढवून, मेण वितळवून त्या जागी धातू ओततात ते ओतीव. आपल्याकडच्या चोळकालीन नटराजाच्या मूर्ती याच मेणाच्या रीतीने ओतल्या आहेत. सोल्हाइम यांचे आयर्न ओतीव होते, म्हणून पोकळ पाठ म्हणजे ओतीवच अशी समजूत झाली. पण घडीव कॅव्हिटी-बॅकही मिळतात. चूक सोसण्याचा गुण येतो तो आकारातून, घडणीतून नव्हे.

मग ब्लेड कोणासाठी? ज्याचा फटका पुन्हापुन्हा एकाच जागी बसतो त्याच्यासाठी. १९४९ साली मोटार-अपघातातून मरता मरता वाचलेल्या बेन होगन यांनी १९५० साली मेरियन येथे अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली. तिथे शेवटच्या खळीवर त्यांनी ज्या १ नंबरच्या आयर्नने विख्यात फटका मारला, ते आज अमेरिकेतल्या गोल्फ संग्रहालयात आहे. त्याच्या तोंडावर लहानशी एकच जागा झिजलेली आहे. ब्लेड वापरायचा अधिकार म्हणजे ती झीज!

आपल्यासारख्यांनी पोकळ पाठ घ्यावी. त्यात कमीपणा नाही. कितीतरी व्यावसायिक खेळाडूसुद्धा लांब पल्ल्याला कॅव्हिटी-बॅक आणि जवळच्या पल्ल्याला ब्लेड ठेवतात. मात्र एवढे ध्यानात असू द्या, की पोकळ पाठ चुकीची शिक्षा कमी करते, चूक सुधारत नाही. चेंडूच्या डोक्यावर मारलेला फटका कोणत्याही आयर्नने जमिनीवरूनच सरपटणार.

मामा आता नाहीत. त्यांचा संच पुन्हा माझ्याकडे आला आहे. खेळायला मी कॅव्हिटी-बॅकच नेतो. पण सरावाच्या दिवशी मामांचे ७ नंबर काढतो आणि दहा चेंडू मारतो. कितींनी झिणझिण्या आल्या, ते मोजतो. परवा सहांनी आल्या. पूर्वी दहाच्या दहांनी येत असत.