कालवा फुटला तर? : पाण्याचे गणित



बेडोकमध्ये आपण रोज पाहतो ते कालवे काँक्रीटचे आणि जमिनीत खोल खणलेले आहेत. महाराष्ट्रात मात्र कितीतरी कालवे मातीच्या भरावावरून, शेजारच्या वस्तीपेक्षा उंचावरून जातात. असा भराव फुटला तर काय होते?

२७ सप्टेंबर २०१८ रोजी सकाळी पुण्यात ते दिसले. खडकवासला धरणातून येणाऱ्या मुठा उजव्या कालव्याची भिंत पर्वतीच्या जनता वसाहतीजवळ फुटली. पाणी दांडेकर पुलाच्या वस्तीत शिरले आणि शेकडो घरांतले धान्य, कपडे, पुस्तके पाण्यात गेली.

पाणी किती येईल? कुठे जाईल? किती वेळात पोचेल? याची उत्तरे आधीच काढून ठेवली, तर लोकांना वेळेवर हलवता येते. त्यासाठी शास्त्रज्ञ ‘गणिती प्रारूप’ बनवतात, म्हणजे कालव्याची आकड्यांत केलेली प्रतिकृती. ते कसे बनते, हे आम्ही सोपे करून सांगतो.

१. भगदाडातून किती पाणी? भगदाडाची रुंदी, त्यातल्या पाण्याची खोली आणि खोलीचे वर्गमूळ यांचा गुणाकार करा (सर्व मापे मीटरमध्ये) आणि त्याला १.७ ने गुणा. रुंदी ४ मीटर आणि खोली १ मीटर असेल तर सेकंदाला ६.८ घनमीटर, म्हणजे ६,८०० लिटर पाणी बाहेर पडते. दर सेकंदाला सुमारे साडेचारशे बादल्या! खोली दुप्पट झाली तर पाणी दुप्पट नव्हे, जवळजवळ तिप्पट होते. शिवाय पाणी जाताना माती ओढून नेते आणि भगदाड रुंदावत जाते. म्हणून हे गणित पुन्हा पुन्हा करावे लागते.

२. पाणी कुठे जाईल? नकाशावर लहान लहान चौकोन आखायचे आणि प्रत्येकात जमिनीची उंची लिहायची. मग प्रत्येक चौकोनाचा हिशेब ठेवायचा : आलेले पाणी वजा गेलेले पाणी बरोबर साठलेले पाणी. अगदी बँकेच्या पासबुकासारखे! गुळगुळीत रस्त्यावर पाणी वेगाने पळते, झाडाझुडपांत अडखळते. या वाहण्याची समीकरणे फ्रान्सच्या सँ-व्हेनाँ या अभियंत्याने १८७१ साली मांडली. आज ती संगणक सोडवतो.

३. दार बंद केले की झाले? नाही! धरणाचे दार बंद केले, तरी कालव्यात आधीच असलेले पाणी येतच राहते. समजा, दार १० किलोमीटर दूर आहे आणि पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर आहे. मग दाराजवळचे शेवटचे पाणी भगदाडापर्यंत यायला पावणेतीन तास लागतील.

अशा अभ्यासासाठी १९१६ साली सुरू झालेली केंद्र सरकारची जल व विद्युत संशोधन संस्था खडकवासल्यालाच आहे.

पालकांनो, एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. प्रारूपात आपण जे भरू तेवढेच त्याला कळते. पुण्यातल्या घटनेनंतर उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी भराव पोखरल्याची चर्चा झाली. असे बीळ किंवा भिंतीतून झिरपणारे पाणी संगणकाला आपोआप दिसत नाही. त्यासाठी कोणीतरी काठाने चालत जाऊन पाहावे लागते आणि पाहिलेले वेळेवर कळवावे लागते. वस्ती वाचवायला गणित हवे, तशी ही पायपीटही हवी.

करून पाहा : ईस्ट कोस्टच्या वाळूत लहानसा उंच कालवा करा. बादलीने पाणी सोडा आणि काठाला बोटाने एक खाच पाडा. दहा सेकंदांत खाच किती रुंद झाली? मोजा आणि वहीत लिहा. (मोठ्यांना बरोबर न्या. खऱ्या कालव्याजवळ हा खेळ नको!)

गृहपाठ : भगदाड तेवढेच रुंद ठेवून खोली १ मीटरऐवजी ४ मीटर केली, तर पाणी किती पट येईल? उत्तर पुढच्या वर्गात आम्हाला दाखवा.

शब्दार्थ : भराव – माती घालून केलेला उंच बांध, भगदाड – मोठे भोक, झिरपणे – हळूहळू पाझरणे.